फोटो वेबपी केले, साइट तरी हळूच

वेबसाइट हळू चालते असं कुणी म्हटलं की आपल्या इंदुरात सगळ्यांकडे एकच औषध असतं, फोटो वेबपी करून टाक (वेबपी म्हणजे जेपेगसारखाच फोटो साठवायचा एक फॉरमॅट, फाइल लहान करणारा). कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाचा पोरगा हेच सांगतो, साइट बनवून देणारा हेच सांगतो, यूट्यूबवर तर विचारूच नका. औषध खोटं नाहीये, पण ते कधी आणि कशानंतर घ्यायचं हे कुणी सांगत नाही, आणि मग लोक प्लगइन (साइटला जोडायचं तयार सॉफ्टवेअर) टाकतात, हिरवी टिक बघतात, खूश होतात, आणि साइट तिथेच चकरी फिरवत बसते.

आमच्या आत्याचंच घ्या. लोकमान्य नगरात घरूनच महेश्वरी साड्या विकते, आधी नुसत्या व्हॉट्सअप ग्रुपवर विकायची, मग आतेभावाने वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) वूकॉमर्स (त्यावर दुकान चालवायची सोय) लावून साइट करून घेतली (कुणाकडून ते जाऊ द्या). मागच्या दिवाळीच्या आधी तिचा फोन, "अरे बघ ना जरा, पुण्याच्या बाई म्हणतायत साडी उघडतच नाही. पदर दिसतो आणि तिथेच अडकतं, खाली काही येतच नाही. पदर बघून कोण साडी घेईल?" मी म्हटलं आत्या फोटो वेबपी आहेत का, तर म्हणे हो, तुझ्या भावाने सगळे करून घेतलेत, पैसे पण दिलेत त्याचे.

आणि खरंच सगळे वेबपी होते. फक्त प्रत्येक फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा होता, जसा फोनमधून निघाला तसाच, आणि होमपेजवर तो दिसत होता बोटभर चौकोनात, एका ओळीत दोन, असे खाली खाली कितीतरी. म्हणजे कपाट रिकामं न करता त्याला चाकं लावून ढकलण्यातला प्रकार.

आता यातला हिशोब एकदा नीट मांडतो कारण सगळं यावरच अडतं. साध्या अँड्रॉइड फोनच्या स्क्रीनला रुंदीत खरे पिक्सेल साधारण 1080 असतात. दोन फोटो शेजारी शेजारी म्हणजे एकाच्या वाट्याला साडेपाचशेच्या आसपास, धरा 600. तिथे तुम्ही 4000 रुंदीचा पाठवलात तर बाकीचे पिक्सेल ब्राउझर उतरवून घेणार, लहान करणार आणि फेकून देणार, आणि डेटा मात्र गिऱ्हाइकाचा जाणार. रुंदी निम्मी केली की पिक्सेल पाव होतात, 4000 चा 1000 केला की सोळावा हिस्सा उरतो. वेबपी याच्या पासंगालाही पुरत नाही, गूगलने स्वतः केलेल्या तुलनेत वेबपी तेवढ्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा 25 ते 34 टक्के लहान निघतो. चांगलंच आहे ते, पण कुठे 30 टक्के आणि कुठे सोळावा हिस्सा.

आणखी एक गोष्ट आहे जी फाइल साइज बघून कळतच नाही. जेपेग असो वेबपी असो एव्हिफ (वेबपीहून नवा फॉरमॅट) असो, दाखवायच्या वेळी फोनला तो उलगडावा लागतो, एका पिक्सेलला 4 बाइट. 4000 बाय 3000 म्हणजे 1 कोटी 20 लाख पिक्सेल, म्हणजे पूर्ण उलगडला तर 48 एमबी रॅम, एका फोटोला! फाइल तुम्ही दाबून दाबून 300 केबीची केलीत तरी उलगडल्यावर तेवढेच 48. असे दहा-बारा एका पानावर असले की कमी रॅमवाला फोन स्क्रोल करताना धापा टाकायला लागतो, आणि लोकांना वाटतं नेट खराब आहे. तोच फोटो 1200 बाय 900 केला तर सव्वाचार-साडेचार एमबी. म्हणून मी म्हणतो आधी माप, मग बाकीचं.

वर्डप्रेस हे काम खरं तर स्वतःच करतं, अपलोड केलं की छोटी मोठी मापं बनवून ठेवतं, आणि 2019 मधल्या 5.3 व्हर्जनपासून तर 2560 पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आपणहून 2560 वर आणून ठेवतं. आत्याच्या थीममध्ये (साइटचं रूप ठरवणारा तयार साचा) ते बंद करून ठेवलेलं होतं, "क्वालिटी कमी होते" म्हणून, आणि थंबनेलच्या, म्हणजे छोट्या फोटोच्या, जागी सरळ मूळ फाइल लावलेली. असली थीम दिसली की पहिल्यांदा तेच दुरुस्त करा, फोटोंना हात नंतर. सोर्ससेट म्हणून जी सोय आहे तिचं कामच हे, एकाच फोटोची 400, 800, 1200 अशी मापं सांगून ठेवायची आणि सोबत पानावर तो किती रुंद दिसणार ते सांगायचं, मग ब्राउझर आपल्या स्क्रीनप्रमाणे एक उचलतो. झूम करून जर बघायचं असेल तर 2000 चा एक वेगळा ठेवा जो बोट लावल्यावरच उतरेल. साडीत झूम लागतोच, बायका किनार बघितल्याशिवाय घेत नाहीत.

बरं, लहान करायचा म्हणजे कसा, यात पण महेश्वरी साडीने मला घाम फोडला. महेश्वरीत बारीक चौकडी असते, अगदी एकेका धाग्याची, आणि उभ्या बारीक रेघा. असला फोटो चुकीच्या पद्धतीने लहान केला की त्यावर लाटा दिसायला लागतात, कापडावर नसलेले वळसे, पाण्यावर तेल पसरल्यासारखे. याला मॉयरे म्हणतात. सॉफ्टवेअर जर दर चारातला एक पिक्सेल उचलून बाकीचे सोडून देत असेल (निअरेस्ट नेबर नावाचा पर्याय हेच करतो) तर चौकडीची आणि उचलण्याची लय एकमेकांत अडकते आणि हे तयार होतं. त्यामुळे रिसाइझमध्ये लँक्झॉस निवडा, तो आजूबाजूच्या पिक्सेलचा हिशोब करून नवा पिक्सेल बनवतो. कधी कधी मात्र मॉयरे कॅमेऱ्यातच पडलेला असतो, मग कुठलंही सॉफ्टवेअर काही करत नाही, साडी थोडी तिरकी धरून किंवा दोन पावलं पुढे येऊन परत फोटो काढायचा, बस. आत्याला हे सांगितलं तर म्हणे "मग आधी का नाही सांगितलंस, मी आख्ख्या लॉटचे काढून बसले."

आता फॉरमॅट. इथे माझं मत जरा लोकांना पटत नाही, की सगळे फोटो एकाच फॉरमॅटमध्ये करायचा हट्टच चुकीचा आहे. फोटो बघून ठरवायचं.

जेपेग 1992 चं स्टँडर्ड आहे, आणि अजून मेलेलं नाही. तो फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोनात डोळ्याला न जाणवणारे बारकावे फेकतो, आणि रंगाच्या बाबतीत आणखी एक चलाखी करतो. आपल्या डोळ्यांना उजेड-अंधाराचा बारकावा चांगला कळतो पण रंगाचा तेवढा कळत नाही, म्हणून उजेड प्रत्येक पिक्सेलचा वेगळा ठेवायचा आणि रंग मात्र चार पिक्सेलमध्ये एकच. याला 4:2:0 म्हणतात. झाडं, डोंगर, माणसं, राजवाडा, कशालाच याने काही बिघडत नाही. पण आत्याकडे एक राणी कलरची साडी होती आणि तिच्या किनारीत हिरवी बारीक रेघ, दोन्ही रंग उजेडाला जवळपास सारखेच, फरक सगळा रंगाचा. ती रेघ वेबपीमध्ये मळकट करडी झाली. मूळ फोटोत ठसठशीत, साइटवर जणू धुऊन रंग गेलाय.

त्याचं कारण असं की नेहमीच्या, म्हणजे लॉसी (बारकावे फेकणाऱ्या) वेबपीमध्ये 4:2:0 सोडून दुसरा पर्यायच नाही. तो 2010 मध्ये गूगलने आणला तो व्हीपी8 नावाच्या व्हिडिओ कोडेकमधून (व्हिडिओ दाबायच्या पद्धतीतून) काढलेला, आणि तिथलीच ही मर्यादा सोबत आली. जेपेगमध्ये मात्र 4:4:4 ठेवता येतं, म्हणजे रंग पण प्रत्येक पिक्सेलचा स्वतःचा. एव्हिफमध्ये पण ठेवता येतं. त्यामुळे किनारीचे क्लोजअप मी जेपेगमध्येच ठेवले, 4:4:4 वर, फाइल थोडी मोठी झाली तर झाली, आणि पूर्ण साडीचे, नेसलेल्या साडीचे फोटो वेबपी. वेबपीतच करायचं असेल तर शार्प वाययूव्ही नावाचा एक पर्याय असतो, त्याने रंग मिसळणं बरंच कमी होतं, पूर्ण जात नाही. गूगलच्याच सीवेबपी टूलमध्ये तो आहे आणि स्क्वूशमध्ये ॲडव्हान्स्ड उघडलं की मिळतो.

स्क्वूश माहीत नसेल तर नक्की वापरून बघा, क्रोमच्या टीमने 2018 मध्ये काढलेलं, ब्राउझरमध्येच चालतं आणि फोटो कुठे अपलोड होत नाही, तुमच्याच मशीनवर काम करतं. मध्ये एक पट्टी असते ती सरकवून डावीकडे मूळ आणि उजवीकडे नवीन असं बघायचं. एकेक फोटो करावा लागतो त्यामुळे शंभर फोटोंना उपयोगाचं नाही, पण सेटिंग ठरवायला याच्यासारखं काही नाही. चार प्रकारच्या साड्यांवर सेटिंग पक्कं करायचं आणि मग तेच सेटिंग बॅच करणाऱ्या, म्हणजे सगळे फोटो एकदम करणाऱ्या, सॉफ्टवेअरला द्यायचं, मी एक्सएनकन्व्हर्ट वापरतो.

आणि तो क्वालिटीचा आकडा! 80 म्हणजे 80 टक्के दर्जा असं काही नसतं. प्रत्येक फॉरमॅटची, प्रत्येक सॉफ्टवेअरची पट्टी वेगळी, जेपेगचं 80 आणि वेबपीचं 80 आणि एव्हिफचं 80 यांचा एकमेकांशी संबंध नाही. आतेभावाने कुठेतरी वाचलं होतं की 60 बेस्ट, तर त्याने सगळीकडे 60 लावून ठेवलं होतं. आकडा बघू नका, स्क्वूशची पट्टी सरकवा आणि कापडाकडे बघा. साड्यांचा फोटो तसाही कमी दबतो कारण सगळीकडे बारीक विणकाम, मागे मोकळी भिंत असलेल्या फोटोसारखा तो लहान होणारच नाही, तिथे ओढाताण करून फायदा नाही.

पुण्याच्या बाईंना फक्त पदर का दिसत होता तेही सांगून टाकतो. साधा जेपेग आणि वेबपी हे वरून खाली उतरतात, जेवढा डेटा आला तेवढ्या ओळी दिसतात. प्रोग्रेसिव्ह जेपेग म्हणून एक प्रकार आहे, त्यात आधी पूर्ण फोटो धूसर दिसतो आणि मग हळूहळू साफ होत जातो. वेबपीमध्ये ही सोय नाही. म्हणजे नेट खरंच खराब असेल तर प्रोग्रेसिव्ह जेपेग फाइल मोठी असूनही लवकर आल्यासारखा वाटतो, कारण साडीचा रंग तरी लगेच कळतो. हे कुठल्याच स्पीड टेस्टच्या आकड्यात नीट येत नाही. मी टेस्ट करायला सराफ्यात (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) जातो, रात्री दहा-साडेदहाला, गर्दी अशी की टॉवर फुल दाखवतो आणि नेट मात्र सरकत नाही, भुट्ट्याच्या किसाची प्लेट हातात यायच्या आत होमपेज उघडलं तर साइट पास. हसू नका, क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये स्लो फोरजी लावून (नेट मुद्दाम हळू करायची सोय) पण करतो, पण तिथे किस मिळत नाही.

पुढचा गोंधळ आयफोनचा. वहिनीकडे आयफोन आहे आणि तिचे फोटो जास्त छान येतात म्हणून आता सगळे तीच काढते. 2017 च्या आयओएस 11 पासून आयफोन फोटो एचईआयसी मध्ये ठेवतो, फाइल लहान होते पण क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ती दिसत नाही, सफारीत नवीन व्हर्जनला दिसते. त्यामुळे तिने स्वतःच्या फोनवर बघितलं की सगळं झकास आणि बाकी दुनियेला रिकामा चौकोन. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे मोस्ट कम्पॅटिबल करून टाकलं की पुढचे फोटो जेपेगच निघतात. आधीचे तेवढे कन्व्हर्ट करा.

पण कन्व्हर्ट करताना रंग सांभाळा. आयफोन डिस्प्ले पी3 नावाच्या मोठ्या रंगपट्ट्यात फोटो काढतो आणि फाइलमध्ये एक प्रोफाइल लिहून ठेवतो की हे आकडे या पट्ट्यातले आहेत. बरीच कन्व्हर्टर सॉफ्टवेअर "मेटाडेटा काढा, फाइल लहान करा" म्हणत ते प्रोफाइलच उडवतात (मेटाडेटा म्हणजे फाइलमध्ये फोटोसोबत लिहिलेली माहिती), सीवेबपी तर काही सांगितलं नाही तर सगळा मेटाडेटा टाकूनच देतं. मग ब्राउझर समजतो की आकडे साध्या, छोट्या एसआरजीबी नावाच्या रंगपट्ट्यातले आहेत, आणि लाल, राणी, केशरी हे सगळे रंग फिके पडतात. साडीच्या धंद्यात हे परवडत नाही, "फोटोत वेगळा रंग होता" म्हणून साडी परत येते आणि कुरिअरचा खर्च आत्याच्या डोक्यावर. उपाय सोपा आहे, प्रोफाइल उडवायच्या आधी रंग एसआरजीबीमध्ये कन्व्हर्ट करायचे, क्रम एवढाच पाळायचा.

असंच आडव्या फोटोचं. फोन उभा धरून काढलेला फोटो आतून बऱ्याचदा आडवाच साठवलेला असतो आणि सोबत एक चिठ्ठी असते की दाखवताना फिरवून दाखवा. मेटाडेटा काढला की चिठ्ठी गेली, आणि साइटवर वहिनी आडवी. आधी फोटो खरोखर फिरवून घ्या, ऑटो रोटेट म्हणून पर्याय असतो, मग मेटाडेटा काढा. आणि काढाच, कारण त्यात लोकेशन पण असतं, फोटो घरी काढलेले असतात, घराचा अचूक पत्ता प्रत्येक साडीबरोबर कशाला वाटत फिरायचं. याच कारणाने कुठल्यातरी अनोळखी ऑनलाइन कन्व्हर्टरवर घरचे फोटो चढवू नका.

व्हॉट्सअपवरून आलेला फोटो साइटला लावणं हा तर आपल्याकडचा राष्ट्रीय उद्योग आहे. व्हॉट्सअप फोटो लहान करतो, परत दाबतो, मग तो दुसऱ्याने फॉरवर्ड केला, मग कुणी स्क्रीनशॉट काढला, मग प्लगइनने वेबपी केला. दर वेळी थोडं थोडं जातं आणि गेलेलं परत येत नाही, लहान फाइलला "एचडी करा" म्हणणाऱ्या ॲपनेही येत नाही, ते आपल्या मनाने धागे काढतं, जे साडीत नाहीतच. महेश्वरहून विणकर आत्याला फोटो पाठवतात ते आता डॉक्युमेंट म्हणून पाठवतात, तसं पाठवलं की फाइल जशीच्या तशी येते. हे त्यांना समजवायला आत्यालाच बसवलं, माझं कुणी ऐकत नव्हतं.

गंमत म्हणजे जे लोक वेबपी म्हणजे काहीतरी नवीन भानगड समजतात तेच दिवसभर वेबपी पाठवत असतात. व्हॉट्सअपचे सगळे स्टिकर वेबपीच आहेत, 512 बाय 512.

पोस्टरचा विषय वेगळाच. दिवाळी सेल, गुढीपाडवा ऑफर, असलं काहीतरी, ज्यात सपाट रंग आणि वर मोठी अक्षरं. हे जेपेगमध्ये केलं की अक्षरांभोवती धुळीसारखे ठिपके येतात, आणि आपल्या देवनागरीत तर ठिपक्यालाही अर्थ असतो, अनुस्वार कुठला आणि घाण कुठली कळत नाही. रफार आणि उकार पण आधी तेच मरतात. अशा गोष्टींना पीएनजी किंवा लॉसलेस वेबपी, त्यात काहीच फेकलं जात नाही आणि सपाट रंग असल्यामुळे फाइल पण लहान होते. उलट साडीचा फोटो पीएनजीमध्ये ठेवलात तर तो जेपेगच्या कितीतरी पट मोठा होतो, आणि तसं ठेवणारे पण भेटतात, "पीएनजी म्हणजे हाय क्वालिटी" म्हणून. सगळ्यात बरं तर पोस्टरवरची अक्षरं फोटोत न घालता पानावर सरळ टाइप करणं, मग गूगलला पण वाचता येतात आणि आत्याला चष्मा न लावता मोठी करून बघता येतात. लोगो असेल तर एसव्हीजी, तो पिक्सेलचा नसतोच, रेघांचा असतो, कुठल्याही मापाला तसाच साफ. फक्त कुणी पीएनजीलाच एसव्हीजीच्या आत चिकटवून दिलं नाहीये ना ते बघा, असे महाभाग आहेत, फाइल उघडून आत नुसतं अक्षरांचं जंगल दिसलं की समजून जा.

आणि फाइलचं नाव बदलणं म्हणजे कन्व्हर्ट करणं नाही! आतेभावाने सुरुवातीला हेच केलं होतं, शेवटचं डॉट जेपीजी खोडून डॉट वेबपी लिहिलं. वाईट गोष्ट अशी की ब्राउझर फाइलच्या आतले पहिले बाइट बघून ओळखतो त्यामुळे फोटो दिसतो, आणि माणसाला वाटतं झालं काम. खात्री करायची असेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा, खरा वेबपी असेल तर अगदी सुरुवातीला आरआयएफएफ आणि थोडं पुढे वेबपी ही अक्षरं दिसतील, बाकी सगळा कचरा दिसेल, तो बंद करा, सेव्ह मात्र करू नका.

लेझी लोडिंगबद्दल (फोटो स्क्रोल करून जवळ आल्यावरच उतरवणं) एवढंच की खालच्या फोटोंना लावा, पहिल्या मोठ्या फोटोला लावू नका. गूगल एलसीपी म्हणून जे मोजतं, म्हणजे स्क्रीनवरचा सगळ्यात मोठा भाग किती वेळात दिसला, ते 2.5 सेकंदांच्या आत हवं, आणि साड्यांच्या साइटवर तो मोठा भाग म्हणजे बहुतेक वेळा पहिला फोटोच असतो. त्यालाच तुम्ही "सावकाश ये" म्हणालात तर काय होणार. आणि पानाच्या कोडमध्ये प्रत्येक फोटोची रुंदी-उंची लिहून ठेवा म्हणजे फोटो येईपर्यंत ब्राउझर जागा राखून ठेवतो, नाहीतर बाई "कार्टमध्ये टाका" दाबायला जातात आणि वरून फोटो येऊन बटण खाली सरकतं.

एव्हिफ करावं का असं बरेच जण विचारतात. 2019 मध्ये त्याचं स्पेसिफिकेशन आलं, क्रोमने 2020 मध्ये घेतलं, फायरफॉक्सने 2021, सफारीने 2022, एजला 2024 उजाडलं, वर्डप्रेसमध्ये 6.5 पासून अपलोड होतं. फाइल वेबपीपेक्षा पण लहान निघते बऱ्याचदा, खास करून कमी क्वालिटीवर. पण दोन गोष्टी, बनवायला वेळ फार लागतो, स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर बॅच लावली की सर्व्हर गुदमरतो, आणि दुसरं म्हणजे कमी साइजला तो विणकाम गुळगुळीत करून टाकतो. माणसाच्या चेहऱ्यावर ते छान दिसतं, सुती-रेशमी कापडावर नाही, साडी सिंथेटिक वाटते. आत्याने फोटो बघून लगेच ओळखलं, "ही आपली नाही, ही सुरतेची दिसतेय." साडी आपलीच होती. मी सध्या एव्हिफ फक्त बॅनरला लावलंय, पानाच्या कोडमधल्या पिक्चर टॅगमध्ये आधी एव्हिफ, मग वेबपी, मग जेपेग, ज्या ब्राउझरला जे कळेल ते त्याने घ्यावं.

शेवटचं, मूळ फाइली फेकू नका. कुणीही कितीही म्हटलं की सगळं वेबपी झालंय आता जुनं डिलीट करा, करू नका, एक हार्डडिस्क घ्या आणि तारखेप्रमाणे फोल्डर करून ठेवा. उद्या नवीन फॉरमॅट आला तर त्याच्यासाठी मूळ फोटोच लागणार, वेबपीवरून परत काहीतरी बनवणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. आणि उद्याचं सोडा, गेल्याच महिन्यात प्रदर्शनाच्या स्टॉलसाठी सहा फुटी फ्लेक्स करायचा होता, आतेभावाने साइटवरून फोटो डाउनलोड करून प्रिंटवाल्याला पाठवला, तिकडून उत्तर, "भिया ये कौन सी फाइल भेज दी, खुल ही नी री." खुली असती तरी 1200 पिक्सेलमध्ये सहा फूट काय होणार होतं. हार्डडिस्कवरची मूळ जेपेग पाठवली, संध्याकाळी फ्लेक्स तयार.